बेडूक-सापांवर संशोधन करायचंय? परवान्याचा अर्ज हंगामाआधीच करा

काही बेडूक वर्षातल्या मोजक्या रात्रीच डबक्यावर जमतात, अंडी घालतात आणि दिसेनासे होतात. परवाना त्यानंतर हातात पडला, तर ते वर्ष गेलंच. म्हणून हंगामाच्या निदान सहा महिने आधी अर्ज द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

नियम देशागणिक बदलतात, पण अर्ज बहुतेक ठिकाणी विद्यापीठ, संग्रहालय किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच जातो. विद्यार्थ्यांनी मार्गदर्शकाचं पत्र जोडावं. विषारी साप हाताळणार असाल, तर अनुभवाचा दाखला द्या आणि प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, तेही लिहा. कुणी विचारलं नसलं तरी.

सगळी मदार संशोधन आराखड्यावर असते. ‘उभयचरांचा अभ्यास’ एवढ्यावर भागत नाही. प्रजाती, ठिकाणं, महिने, प्राण्यांची संख्या आणि प्रत्येक प्राण्याला नेमकं काय करणार, हे सांगावं लागतं. उदाहरणार्थ, बेडकांच्या कातडीला रोग करणाऱ्या कायट्रिड बुरशीची तपासणी: बेडूक नव्या हातमोज्यात धरायचा, पोटावरून, मांड्यांवरून आणि मागच्या पायांच्या बोटांवरून कापसाची काडी फिरवायची, लगेच तिथेच सोडायचा, पुढच्या बेडकासाठी हातमोजे बदलायचे. इतकं बारीक लिहिलं की प्राणी-नैतिकता समितीच्या बऱ्याच शंका मिटतात. संग्रहासाठी प्राणी मारावाच लागणार असेल, तर फोटो किंवा काडीवरचा नमुना का पुरत नाही, हे स्पष्ट मांडा.

सोबत समितीची मंजुरी, ओळखपत्र, नकाशा, खासगी जमीन असल्यास मालकाचं संमतीपत्र. बूट आणि जाळी निर्जंतुक कशी करणार, तेही लिहा. कायट्रिड बुरशी ओल्या सामानाबरोबर एका डबक्यातून दुसऱ्यात जाते.

नमुने परदेशी पाठवायचे असतील, तर १९७३चा साइटीस करार (धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा) लागू होतो. यादीतल्या प्रजातीच्या रक्ताचा थेंबसुद्धा त्यात येतो. करारातल्या सर्वात कडक यादीत, म्हणजे परिशिष्ट १ मध्ये, सगळी समुद्री कासवं आहेत. त्यांच्यासाठी आधी आयात परवाना, मगच निर्यात परवाना. परिशिष्ट २ साठी करारानुसार निर्यात परवाना पुरतो, काही देश मात्र आयातीचाही मागतात. निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो. नोंदणीकृत संस्थांमध्ये जतन केलेल्या नमुन्यांची बिनव्यापारी देवाणघेवाण परवान्याऐवजी अधिकृत लेबलवर होऊ शकते, हे अनेकांना माहीतच नसतं.

काम संपल्यावर अहवाल द्यावा लागतो. त्यात दुर्मीळ प्रजातीचं अचूक ठिकाण फक्त परवाना देणाऱ्या कार्यालयाला कळवा. प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीत ते ढोबळच ठेवा, कारण तस्करही अहवाल वाचतात.