डर्मॅटोमायोसायटिस आणि कर्करोग

डर्मॅटोमायोसायटिस म्हणजे त्वचास्नायुशोथ. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर व स्नायूंवर उलटल्याने होणारा हा विरळा आजार आहे. प्रौढांमध्ये तो पुष्कळदा आत दडलेल्या कर्करोगाची पहिली खूण असतो. हा संबंध १९१६ पासून नोंदला गेला आहे. मुलांमधल्या प्रकारात मात्र तो सहसा नसतो.

निदान बऱ्याचदा हात पाहूनच सुचते. बोटांच्या सांध्यांवर नेमके लालसर-जांभळे, चपटे उंचवटे येतात. ल्युपस या दुसऱ्या स्वप्रतिकार आजारात मात्र पुरळ सांध्यांच्या मधल्या भागावर उठते. नखांच्या मुळाशी फुगलेल्या केशवाहिन्या भिंगातून स्पष्ट दिसतात. वरच्या पापण्यांवर जांभळट छटा येते, पण सावळ्या त्वचेवर ती तपकिरी, मळकट वाटते आणि निसटते. टाळूची खाज कोंडा समजून वर्षभर अंगावर काढली जाते. दंड व मांड्या दुबळ्या होतात : केस विंचरताना हात खाली येतो, जमिनीवरून उठताना आधार लागतो. गिळताना ठसका लागू लागला तर डॉक्टरांकडे जाण्यास थांबू नये. कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

रक्तात क्रिएटिन कायनेज हे इजा झालेल्या स्नायूंतून पाझरणारे एंझाइम वाढते. ते नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होणे ही मोठी चूक, कारण केवळ त्वचेपुरत्या प्रकारातही कर्करोग आढळतो.

टीआयएफ-१ गॅमा या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे चाळिशीनंतर सापडली तर धोका सर्वाधिक. गाठीतील बदललेल्या प्रथिनावर प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि त्या माऱ्यात त्वचा व स्नायूही सापडतात, असे मानले जाते. एनएक्सपी-२ प्रतिपिंडांचाही कर्करोगाशी संबंध आहे. एमडीए-५ प्रतिपिंडे असल्यास काळजी फुप्फुसांची, तीही तातडीची.

अंडाशय, फुप्फुस, स्तन, स्वादुपिंड, जठर, मोठे आतडे व लसिका ग्रंथी यांचे कर्करोग अधिक दिसतात. निदानानंतरचे पहिले वर्ष सर्वांत धोक्याचे. पुढे धोका उतरत जातो. म्हणून जास्त धोक्याच्या रुग्णांत मान ते ओटीपोट सीटी स्कॅन, तसेच स्त्रियांत मॅमोग्राफी, ओटीपोटाची सोनोग्राफी व सीए-१२५ ही अंडाशयाच्या कर्करोगासाठीची रक्तचाचणी सुरुवातीलाच करावी. पहिली तपासणी निर्दोष आली तरी पुढची तीन वर्षे दरवर्षी शोध चालू ठेवावा.

उपचार प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सुरू होतो, साधारण वजनाच्या दर किलोला रोज १ मिलिग्रॅमपर्यंत; जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारे मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन. ऊन टाळावेच लागते. एंझाइम उतरूनही मांड्यांतली ताकद कमी होत असेल, तर दोष स्टेरॉइडचा असू शकतो. अशा वेळी डोस वाढवल्याने दुबळेपणा आणखी वाढतो. कर्करोगाची गाठ काढल्यावर पुरळ बऱ्याचदा ओसरते. ते पुन्हा उठले, तर कर्करोग परतला आहे का, हे आधी पाहावे.