भाताचा जीनोम : क्रमनिर्धारण

भाताच्या (ओरायझा सटायव्हा) १२ गुणसूत्रांतील डीएनएच्या क्षारकांचा (डीएनएची साखळी बनविणाऱ्या चार प्रकारच्या घटकांचा) क्रम ठरविण्याचे कार्य. प्रमुख तृणधान्यांत भाताचा जीनोम (गुणसूत्रांच्या एका संचातील सर्व डीएनए) सर्वांत लहान (सु. ३८.९ कोटी क्षारक-जोड्या) असून गव्हाचा त्याच्या सु. चाळीसपट आहे. त्यामुळे तृणधान्यांपैकी प्रथम भाताची निवड झाली.

जपानच्या पुढाकाराने १० देशांचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १९९८ मध्ये रीतसर स्थापन झाला; आखणी आदल्या वर्षीची असल्याने काही ठिकाणी १९९७ हे वर्षही आढळते. ‘निप्पोनबारे’ हा जॅपोनिका (जॅपोनिका व इंडिका हे भाताचे दोन मुख्य उपप्रकार) वाण घेऊन गुणसूत्रे देशांत वाटण्यात आली. भारताकडे ११ व्या गुणसूत्राचा काही भाग होता. ते काम दिल्ली विद्यापीठाचा दक्षिण परिसर व भारतीय कृषी संशोधन संस्था येथे झाले.

क्रम ‘पूर्ण’ केव्हा झाला, याविषयी लेखनात एकवाक्यता नाही. एप्रिल २००२ मध्ये दोन कच्चे मसुदे प्रसिद्ध झाले : चिनी गटाचा ‘९३-११’ या इंडिका वाणाचा आणि सिंजेंटा कंपनीचा निप्पोनबारेचा. दोन्हींत संपूर्ण जीनोमचे तुकडे करून ते संगणकाने जुळविले होते. भातात पुनरावृत्त डीएनए बराच असल्याने अशा जुळणीत खंड राहतात. प्रकल्पाने मात्र आधी नकाशावर जागा निश्चित केलेले मोठे तुकडे एकेक करून वाचले. त्याचा ऑगस्ट २००५ मधील क्रम जीनोमचा सु. ९५% भाग व्यापतो; पूर्ततेचे वर्ष तेच मानणे सयुक्तिक होय. जनुकांची संख्याही त्यात ३७,५४४ पर्यंत उतरली. इंडिका मसुद्यातील अंदाज ४६ ते ५५ हजारांचा होता. स्थानांतरी घटक (जीनोममध्ये जागा बदलू शकणारे डीएनएचे तुकडे) व जनुकांचे तुटक अंश गणनेत आल्याने तो फुगला असावा.

या संदर्भक्रमामुळे (तुलनेसाठी प्रमाण मानलेल्या क्रमामुळे) गुणधर्माशी निगडित जनुक शोधणे व चिन्हकांच्या (हव्या जनुकाची खूण ठरणाऱ्या डीएनए-अंशांच्या) साहाय्याने पैदास करणे सुकर झाले. तथापि, पैदासकारांना उपयोगी पडलेली दोन ठळक जनुके निप्पोनबारेत नाहीतच. पूर सोसण्याची क्षमता देणारे ‘सब१ए’ (ओळख २००६) ओडिशातील ‘एफआर१३ए’ वाणातून आले. प्रतिसंकराने (संकरित रोपांचा मूळ वाणाशी पुनःपुन्हा संकर करून) ते ‘स्वर्णा’ या लोकप्रिय वाणात उतरवून तयार केलेला ‘स्वर्णा-सब१’ भारतात २००९ मध्ये प्रसारित झाला. स्फुरद कमी असलेल्या जमिनीत मुळांची वाढ साधणारे ‘पीस्टॉल१’ (ओळख २०१२) ‘कासालाथ’ वाणातील आहे. एका वाणाच्या क्रमाची ही मर्यादा ओळखून पुढे ३,०१० वाणांचे जीनोम वाचण्यात आले (विश्लेषण २०१८). निप्पोनबारेच्या सर्व गुणसूत्रांचा टोकापासून टोकापर्यंतचा क्रम २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.