ऐनवेळचा रूटबदल

ऐनवेळचा रूटबदल : गाडी भरून हबबाहेर (पार्सले वाटण्यासाठी जिथून निघतात त्या गोदामाबाहेर) पडल्यावर चालकाच्या त्या दिवसाच्या थांब्यांत, त्यांच्या क्रमात किंवा रस्त्यात करावा लागणारा बदल. ग्राहकाने पत्ता वा वेळ बदलणे, ऑर्डर रद्द होणे, मध्येच पिकअप येणे, गाडी बंद पडणे आणि रस्ता अडणे ही नेहमीची कारणे.

डिस्पॅचरने (ऑफिसातून गाड्यांचे रूट हलवणाऱ्याने) नकाशा उघडण्याआधी चालकाला विचारावे, ‘माल कुठे आहे?’ टेम्पो उलट्या क्रमाने भरतात. शेवटच्या थांब्याचा माल सर्वांत आत, पहिल्याचा दाराशी. फोनवर क्रम क्षणात बदलतो, पण तिसाव्या थांब्याचे खोके चौथ्यावर हवे झाले तर भर रस्त्यात अर्धी गाडी उतरवावी लागते, आणि नाशिकच्या मेन रोड किंवा सराफ बाजारात तेवढा वेळ टेम्पो उभा करणे शक्य नसते. खोक्याच्या दोन बाजूंना जाड मार्करने थांब्याचा क्रमांक लिहिलेला असावा आणि मालाच्या मधून माणूस आडवा शिरेल एवढी वाट सोडलेली असावी. क्रम बदलला तरी खोक्यावरचा आकडा बदलू नये, नवा क्रम फक्त रनशीटवर (चालकाच्या त्या दिवसाच्या थांब्यांच्या यादीवर) मांडावा. नाहीतर एकाच गाडीत दोन ‘१२’ तयार होतात आणि चुकीचे पार्सल चुकीच्या दारात जाते.

बदल एकाच व्यक्तीने सांगावा. ग्राहकाने थेट चालकाला फोन केला तरी चालकाने तो ऑफिसकडे वळवावा. पुढचे दोन थांबे शक्यतो हलवू नयेत, कारण तिथल्या ग्राहकांना वेळ कळवलेली असते. चालत्या गाडीत हातात फोन धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली येते, म्हणून बोलणे गाडी थांबल्यावरच. काय काढले, काय घातले आणि कोणत्या थांब्यानंतर, एवढे सांगून चालकाकडून ते परत म्हणवून घ्यावे. नुसते ‘गंगापूर रोड’ सांगणे पुरेसे नाही. तो अशोक स्तंभापासून पार गंगापूरकडे जातो. जवळचा चौक किंवा शाळा सांगावी.

नाशिकची खरी कसोटी पावसाळ्यात लागते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाघाट पाण्याखाली जातो, दुतोंड्या मारुतीला पाणी लागते आणि रामकुंडाजवळचे सखल पूल बंद होतात. अशा वेळी उरलेले थांबे पिनकोडने न वाटता काठाने वाटावेत. आहे त्या काठावरचे सगळे संपवून कन्नमवार पुलावरून एकदाच पलीकडे जावे. दर ऑर्डरमागे नदी ओलांडणारी गाडी द्वारका चौकातच दिवस घालवते. विसर्गाची सूचना सकाळीच आली असेल तर पंचवटीतले घाटालगतचे थांबे रूटच्या सुरुवातीला आणावेत. गणेश विसर्जनाची मिरवणूक, कामदा एकादशीचा रथोत्सव आणि त्र्यंबकेश्वरचा तिसरा श्रावणी सोमवार मात्र पंचांगात दिसतात. त्या दिवशी रस्ता बंद मिळाला तर ती रूट आखणाऱ्याची चूक, चालकाची नव्हे.

एका गाडीतला माल दुसरीत द्यायचा असल्यास दोन्ही गाड्या निवांत उभ्या राहतील अशी जागा ठरवावी. प्रत्येक पार्सल पहिल्या रनशीटवरून स्कॅन करून काढावे आणि दुसरीवर स्कॅन करून घ्यावे. गठ्ठ्याने मोजून दिलेले एखादे पार्सल हमखास दोघांच्याही यादीत राहते. सीओडीची (माल देताना ग्राहकाकडून घ्यायच्या पैशांची) जमा झालेली रोकड मात्र ज्याची त्याच्याकडेच राहावी. ई-वे बिलाचा (जीएसटीखालच्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन नोंदीचा) माल बंद पडलेल्या गाडीतून हलवताना नव्या गाडीचा क्रमांक ‘भाग ब’मध्ये भरल्याशिवाय पुढे निघू नये.

काढलेल्या प्रत्येक थांब्यापुढे कारण आणि वेळ त्याच क्षणी नोंदवावी. पार्सलमागे पैसे मिळणाऱ्या चालकाचा हिशेब याच नोंदीवर ठरतो. ती कोरी राहिली की संध्याकाळी त्याच्या नावापुढे ‘प्रयत्न केला नाही’ असा शेरा पडतो.