सेटिंग त्रिकोण (क्विल्ट)

क्विल्टचे (थर देऊन शिवलेल्या, गोधडीसारख्या पांघरुणाचे) ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौरस, ४५ अंशांत फिरवून, कोपरा वर ठेवून मांडले की कडेला त्रिकोणी जागा उरतात. त्या भरून कड सरळ करणाऱ्या तुकड्यांना सेटिंग त्रिकोण म्हणतात. एकाच ब्लॉकला चारही बाजूंनी त्रिकोण जोडून चौकट करायची असली तरी गणित हेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीच्या आमिश (साधेपणाने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) क्विल्टांमधली ‘सेंटर डायमंड’ ही रचना याच बांधणीची: मध्ये तिरका चौरस, त्याला चार मोठे त्रिकोण, बाहेर रुंद पट्ट्या, आणि सगळे कापड एकरंगी लोकरी. तिथे लक्ष दुसरीकडे वेधणारी छपाई नसल्याने त्रिकोण जरा चुकला तरी लगेच दिसतो. महाराष्ट्रातील गोधडीत जुन्या साड्यांचे थर धावदोऱ्याने शिवतात, म्हणून तिथे सहसा हा हिशेब करावा लागत नाही; ठिगळांचे ब्लॉक करून ते तिरके मांडायचे ठरले की लागतो.

त्रिकोण दोन प्रकारचे असतात आणि ते दोन वेगवेगळ्या पद्धतींनी कापतात. यात गोंधळ झाला की कापड वाया जाते. विणलेले कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यावर फारसे ताणत नाही, तिरके म्हणजे उरेब धरले की ताणते. त्यामुळे क्विल्टच्या बाहेरच्या कडेला येणारी त्रिकोणाची बाजू सरळ धाग्यावरच हवी. मधल्या कडांवरच्या त्रिकोणाची लांब बाजू (कर्ण) बाहेर येते. म्हणून मोठा चौरस दोन्ही कर्णांवर कापून त्याचे चार त्रिकोण करतात. चार कोपऱ्यांवरच्या त्रिकोणांच्या मात्र दोन आखूड बाजू बाहेर येतात, म्हणून लहान चौरस एकाच कर्णावर कापून दोन त्रिकोण करतात. कडेचे त्रिकोणही योग्य मापाचा चौरस एकाच कर्णावर कापून काढले तरी आकार बरोबर येतो, पण बाहेरची कड उरेब होते. वर बॉर्डर शिवली की ती लाटांसारखी फुगते, आणि ते इस्त्रीने बसत नाही.

मापे ब्लॉकच्या शिवून झालेल्या बाजूवरून काढायची, कापलेल्या बाजूवरून नव्हे. पाव इंच माया (शिवणीबाहेर राखलेले जादा कापड) धरून, कापायच्या चौरसाच्या बाजूची सूत्रे अशी: कडेच्या त्रिकोणांसाठी बाजू × १.४१४ + सव्वा इंच. कोपऱ्याच्या त्रिकोणांसाठी बाजू ÷ १.४१४ + ७ सूत (१ सूत = १/८ इंच). उत्तर नेहमी पुढच्या सुतापर्यंत वाढवावे, कमी करू नये. १२ इंची ब्लॉकला चौरस येतात १८ इंच २ सूत आणि ९ इंच ३ सूत. १० इंचीला १५ इंच ४ सूत आणि ८ इंच. ८ इंचीला १२ इंच ५ सूत आणि ६ इंच ५ सूत. ६ इंचीला ९ इंच ६ सूत आणि ५ इंच १ सूत.

सव्वा इंच आणि सात सूत हे आकडे पाठ करण्यापेक्षा ते कुठून येतात हे कळलेले बरे. काटकोन समद्विभुज त्रिकोणाला तिन्ही बाजूंनी माया दिली की टोकदार कोपरे लांबवर सरकतात. आखूड बाजू मायेच्या ३.४१ पट वाढते आणि कर्ण ४.८३ पट. पाव इंचाला हे अनुक्रमे ०.८५ आणि १.२१ इंच, म्हणजे वर घेऊन ७ सूत आणि सव्वा इंच. सेंटिमीटरमध्ये ०.७५ सेंमी माया धरणाऱ्यांनी २.६ आणि ३.७ सेंमी मिळवावेत.

मांडणीत रुंदीला ३ आणि उंचीला ४ ब्लॉक असतील तर मधल्या जागांत आणखी २ × ३ = ६ बसतात; एकूण १८. कडेचे त्रिकोण लागतात २ × (२ + ३) = १०, म्हणजे तीन मोठे चौरस (दोन त्रिकोण उरतात), आणि कोपऱ्यांसाठी दोन लहान चौरस. ब्लॉक १२ इंची असेल तर बॉर्डरविना क्विल्ट साधारण ५१ × ६८ इंच होतो. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर सव्वाअठरा इंचाच्या दोन पट्ट्यांत सगळे त्रिकोण बसतात: पहिलीत दोन मोठे चौरस, दुसरीत एक मोठा व दोन लहान. एकूण साडेछत्तीस इंच लांबी लागते. धुतल्यावरचे आकसणे धरून सव्वा मीटर घ्यावे. ३६ इंची पन्ह्याचे पॉपलिन घेतले तर मात्र दोन मोठे चौरस शेजारी शेजारी बसत नाहीत, फक्त अर्ध्या इंचाने कमी पडते, आणि तिसरी पट्टी कापावी लागते.

कापण्याआधी तयार ब्लॉक मोजावेत. कागदावर १२ इंची असलेला ब्लॉक माया धरून साडेबारा भरला पाहिजे. सगळे सव्वाबाराच भरत असतील तर सूत्रात ११.७५ घालावे.

शिवताना त्रिकोणाचा काटकोनी कोपरा ब्लॉकच्या कोपऱ्याशी जुळवावा आणि जादा टोक दुसरीकडे बाहेर राहू द्यावे. टोकाशी टोक जुळवायला गेले की त्रिकोण सरकतो आणि ओळ वाकडी होते. इथे जोडली जाणारी बाजू उरेब असते, म्हणून आधी स्टार्च द्यावा, टाचण्या लावाव्यात, त्रिकोण मशीनच्या खालच्या बाजूला ठेवावा आणि कापड ओढू नये. तिरक्या ओळी जोडून झाल्यावर कोपरे शेवटी: त्रिकोणाच्या कर्णाचा मध्य आणि ब्लॉकच्या बाजूचा मध्य घडी घालून जुळवावा.

कड छाटताना ब्लॉकच्या टोकापलीकडे पाव इंच राखलेच पाहिजे, नाहीतर बॉर्डरच्या शिवणीत टोके कापली जातात. नवख्याने दोन्ही चौरस मापापेक्षा एक इंच मोठे कापावेत. मग टोके बॉर्डरला न टेकता थोडी आत राहतात. अनेक जुन्या हातांनाही हीच मांडणी आवडते.

ब्लॉकांमध्ये पट्ट्या असतील आणि त्यांच्या छेदावरचे छोटे चौरस कडेलाही अखंड ठेवायचे असतील, तर कडेच्या त्रिकोणासाठी सूत्रात ब्लॉक + एका पट्टीची रुंदी घालावी, कोपऱ्यासाठी ब्लॉक + दोन पट्ट्या.

एकाच ब्लॉकची चौकट करताना चारही त्रिकोण कोपऱ्याच्या प्रकारचे घ्यावेत. ६ इंची ब्लॉकला ५ इंच १ सुताचे दोन चौरस लागतात आणि चौकटीसह तो साधारण साडेआठ इंच होतो. नेमका ९ इंची हवा असेल तर साडेपाच इंचाचे चौरस कापून, शिवून, शेवटी साडेनऊ इंचांवर छाटावे. रेघांच्या कापडाचा मोठा चौरस चार भागांत कापला की दोन त्रिकोणांत रेघा कडेला समांतर येतात, दोनांत काटकोनात. चारही सारखे हवे असतील तर दुप्पट कापड धरावे.