ई-श्रम कार्ड: शेतमजूर आणि ऊसतोडवाले नेमके कुठे अडकतात

ई-श्रम म्हणजे असंघटित कामगारांची केंद्र सरकारकडची नोंदणी. फॉर्म काही अवघड नाही. आधार, आधारला लिंक असलेला मोबाईल आणि बँक पासबुक, बास. नोंदणी फुकट आहे आणि शेवटची तारीख वगैरे काही नाही, त्यामुळे ‘उद्या लास्ट डेट’ म्हणून कोणी घाई करत असेल तर त्याला ओळखून असा. मोबाईल लिंक नसेल तर सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाइन कामांचं सेवा केंद्र) अंगठा लावून काम होतं. ऊसतोडीला जायच्या आधी उरका, फडात कोण सेंटर शोधत बसणार.

खरी गडबड व्यवसायाच्या रकान्यात होते. ई-श्रमला शेतमजूर आणि भूमिहीन शेतकरी चालतात, बाकी शेतकरी चालत नाहीत. आता सातबाऱ्यावर अर्धा एकर कोरडवाहू आहे, पण सीझनभर मुकादमाच्या टोळीत कोयता चालवतोय, असा माणूस काय सांगतो? सवयीने ‘शेती’. ऑपरेटरही तेच टाकून मोकळा. अहो, ज्या कामाची मजुरी घेता ते काम सांगा ना! आणि शेतकाम म्हणजे फक्त नांगरणी-खुरपणी नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यातली (2025 पासून त्याच्या जागी नवी श्रम संहिता आली) व्याख्या बघा, त्यात पीक काढणं, दूधधंदा, जनावरं, कोंबड्या, मधमाश्या, एवढंच काय शेतातला माल बाजारात किंवा गाडीपर्यंत पोचवणंसुद्धा होतं. म्हणजे ऊस तोडून भरून देणारा शेतमजूरच, पण कारखान्याच्या आत कामाला लागलात आणि पीएफ कापला जायला लागला की गणित बदललं, कारण पीएफ किंवा ईएसआयचा (कामगार राज्य विमा) सदस्य आणि इन्कम टॅक्स भरणारा इथे बसत नाही. त्यात ई-श्रमचा नंबरही पीएफच्या यूएएन नंबरसारखा 12 आकडी आणि त्यालाही यूएएनच म्हणतात, त्यामुळे ‘कार्ड आलं म्हणजे पीएफ सुरू झाला’ असं समजणारे भरपूर भेटतात. तसं काही नसतं.

वय 16 ते 59. आधार काढताना जन्मतारीख अंदाजाने टाकलेली असते, बाई पन्नाशीची आणि आधारवर बासष्ट, की झालं रिजेक्ट. दुरुस्तीला जन्माचा पुरावा मागतात, जो शाळेत न गेलेल्या माणसाकडे कुठून असणार हे विचारायला कोणाला वेळ नाही. म्हणून आधीच आधार वाचून बघा.

‘तुम्ही स्थलांतरित कामगार आहात का’ या प्रश्नाला घाईत ‘नाही’ करतात, सध्याचा पत्ताही गावचाच ठेवतात. कामासाठी बाहेर जात असाल तर ‘हो’ करा. पण एक लक्षात घ्या, कायद्यातला ‘आंतरराज्य स्थलांतरित कामगार’ वेगळा. बीडहून साताऱ्याला गेलात तर त्यात येत नाही, बेळगावला गेलात तर राज्य बदललं. तिथेही 1979 च्या कायद्यात ठेकेदारामार्फत गेलेलेच धरायचे, नव्या श्रम संहितेत स्वतःहून गेलेलेही धरतात, पण पगार 18,000 च्या आत आणि आस्थापनेत असे 10 कामगार हवेत. रेशनला मात्र ही भानगड नाही, तेच कार्ड दुसऱ्या जिल्ह्यात काय, दुसऱ्या राज्यातही चालतं.

आता विमा. ‘ई-श्रम काढा, 2 लाखांचा विमा मिळवा’ हे अजून सांगत फिरतात. ती अपघाताची मदत 31 मार्च 2022 पर्यंतच्या नोंदणी आणि अपघातांसाठी होती. आता विमा हवा तर बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचा फॉर्म वेगळा भरा, वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70. वर्ष 1 जून ते 31 मे असतं, हप्ता खात्यातून आपोआप कटतो, आणि मे महिन्यात उचल फेडून परत आलेल्या माणसाच्या खात्यात नेमके 20 रुपये नसतात. तेवढे ठेवा बाबांनो.

कार्ड रिन्यू करावं लागत नाही, वर्षातून एकदा माहिती अपडेट करायची. सिम बदललं तर आधी आधारला नवा नंबर जोडा, मग ई-श्रमला. अडलात तर 14434 वर फोन लावा.