आवाज येतो, चित्र का नाही? पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी फेडोरा ही मुक्त लिनक्स प्रणाली टाकून दिली. संध्याकाळीच फोन: "आवाज यायलाय, पण चित्रच दिसंना की रे!" रंकाळ्यावर मोबाइलने घेतलेला व्हिडिओ एच.२६५ या पद्धतीने दाबून साठवलेला होता, आणि तो उलगडून दाखवणारा डीकोडर फेडोरा मुद्दामच देत नाही.

या 'मुद्दाम'ची सुरुवात त्याआधीच्या एच.२६४ या पद्धतीपाशी नेता येते. हे मानक २००३चं. त्यावरची पेटंटं अनेक कंपन्यांची. ती एकत्र करून परवाना द्यायचं काम एमपेग एलए या कंपनीकडे होतं. दर असा: वर्षाला पहिले १ लाख नग फुकट, पुढे ५० लाखांपर्यंत नगामागे २० सेंट, त्यापुढे १० सेंट. उद्यमनगरात हा हिशेब कुणालाही कळेल. पण मुक्त सॉफ्टवेअरचे नग मोजायचे कुणी? मी उतरवलेली प्रत तुला देणार, तू तिसऱ्याला. शिवाय जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचं ७वं कलम बजावतं की, पेटंटमुळे पुढच्याला रॉयल्टीविना वाटता येत नसेल, तर तुम्हीही वाटू नका. दर एक सेंट असता तरी अडचण हीच.

सिस्कोने २०१३मध्ये काढलेला तोडगा मला अजून गमतीचा वाटतो. एच.२६४साठीच्या तिच्या ओपनएच२६४ या सॉफ्टवेअरचा सोर्स खुला. पण सिस्को रॉयल्टी भरते ती तिच्या सर्व्हरवरून उतरवलेल्या तयार बायनरीपुरती, म्हणजे थेट चालणाऱ्या फाइलपुरती. तोच सोर्स घरी कंपाइल केला की ते छत्र गेलं. म्हणून फायरफॉक्स ती फाइल थेट सिस्कोकडूनच आणतो.

एच.२६५ला तर पेटंटं एकत्र करणाऱ्या एका पूलऐवजी अनेक पूल झाले. २०२२मध्ये फेडोराने मेसा या ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं एच.२६४ आणि एच.२६५चं हार्डवेअर डीकोडिंगही बंद केलं.

पेटंटमुक्त वाट शोधणंही सोपं गेलं नाही. थिओरा १.० ही मुक्त व्हिडिओ पद्धत आली २००८मध्ये. गुगलने २०१०मध्ये व्हीपी८ खुलं केलं, तरी २०१३मध्ये एमपेग एलएशी करार करावाच लागला. त्याच वाटेवरचं एव्ही१ २०१८चं.

आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३(के) 'निव्वळ' संगणक प्रोग्रामला पेटंट देत नाही. २००४च्या अध्यादेशाने त्यात सॉफ्टवेअर पेटंटांसाठी पाडलेली फट संसदेने २००५मध्ये ठेवली नाही. पण फेडोरामागची रेड हॅट कंपनी अमेरिकी, त्यामुळे ती तिथला कायदा बघून चालते.

गाण्यांच्या एमपी३चा पेटंट परवाना कार्यक्रम २०१७मध्ये संपला, आणि फेडोरात त्याचा एन्कोडरही लगेच आला. मित्राला मात्र एच.२६५ची पेटंटं संपेपर्यंत थांबायचं नव्हतं. आरपीएम फ्युजन या फेडोराबाहेरच्या भांडारातून एफएफएमपेग हे व्हिडिओ उलगडणारं सॉफ्टवेअर पूर्ण घातलं, रंकाळा दिसला. "मग हे आधीच का न्हाई घातलंस?" त्याने विचारलं.