खटका: सत्ता वर चढते ती खाली का उतरत नाही?

एक केबल टाय हातात घ्या. प्लास्टिकची पातळ पट्टी, एका टोकाला चौकोनी डोकं. पट्टीचं दुसरं टोक डोक्यातून ओवून ओढलं की कर्र कर्र आवाज करत ती पुढे सरकते. आता मागे ओढून पाहा. तसूभरही येत नाही. पट्टीवर तिरके दाते असतात आणि डोक्यात एक लवचीक जीभ. पुढे जाताना दाता जिभेला हलकेच उचलून निसटतो, मागे येताना तीच जीभ दात्याच्या उभ्या बाजूला अडते. या रचनेला रॅचेट म्हणतात. जिभेला आपण खटका म्हणू, कारण पुढचा सगळा लेख तिच्याबद्दलच आहे.

सरकारची सत्ता का वाढत जाते, हा विषय निघाला की दोन उत्तरं हमखास ऐकू येतात. कुणीतरी पडद्याआड बसून हे घडवून आणतंय, हे एक. काळाचं चक्र असतं, ग्रह फिरले की स्वातंत्र्याचे दिवस आपोआप परत येतील, हे दुसरं. पहिल्याला बहुतेक वेळा पुरावा नसतो आणि दुसऱ्याला तर कधीच नसतो. केबल टायच्या आत कुणी कारस्थानी बसलेला नाही. तरी पट्टी एकाच दिशेने जाते, कारण तिची घडणच तशी आहे.

अभिजात उदारमतवादाचं म्हणणं थोडक्यात असं होतं: सरकारचे हात कायद्याने बांधलेले असावेत, व्यापार मोकळा असावा आणि माणसाच्या श्रद्धेत दंडाधिकाऱ्याने पडू नये. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने धार्मिक सहिष्णुतेची बाजू १६८९ मध्ये मांडली (कॅथलिक आणि नास्तिक मात्र त्याने त्यातून वगळले, हेही विसरता कामा नये). एकोणिसाव्या शतकात या विचाराचा मोठा दबदबा होता. १९१३ च्या सुमाराला श्रीमंत देशांत सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण आठव्या हिश्शाइतका होता. आज त्यातल्या अनेक देशांत तो ४० टक्क्यांच्या पुढे आहे. मधल्या काळात झालं काय?

इंग्लंडच्या इन्कम टॅक्सचं उदाहरण घेऊ. १७९९ मध्ये फ्रान्सशी लढण्यासाठी पंतप्रधान विल्यम पिटने तो लावला. लढाई संपल्यावर, १८१६ मध्ये, संसदेने तो मोडीत काढला. इथवर खटका नव्हता. पट्टी मागे आली. १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पीलने तो तीन वर्षांसाठी म्हणून पुन्हा आणला आणि त्यानंतर तो कधी गेलाच नाही. १८५३ मध्ये अर्थमंत्री ग्लॅडस्टनने तो टप्प्याटप्प्याने उतरवत १८६० मध्ये बंद करण्याचा आराखडा संसदेपुढे ठेवला. पुढच्याच वर्षी ब्रिटन रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरलं. १९१४ मध्ये दर पौंडामागे १ शिलिंग २ पेन्स होता, म्हणजे ६ टक्क्यांहून कमी. १९१८ मध्ये ६ शिलिंग, म्हणजे ३० टक्के. युद्ध संपलं, दर उतरला, पण ४ शिलिंगांवर येऊन थांबला.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हिग्ज यांनी १९८७ मध्ये या नमुन्याची सविस्तर मांडणी केली. संकट येतं, सत्ता दहा पायऱ्या चढते. संकट जातं, ती सात-आठ पायऱ्या उतरते. उरलेल्या दोन-तीन पायऱ्यांवर लोक घर करतात आणि पुढचं संकट तिथून वर चढायला सुरुवात करतं. या आकड्यांना महत्त्व नाही, त्या फरकाला आहे. उतरण चढणीपेक्षा दरवेळी थोडी कमी पडली तरी पुरे. कुणी वाईट हेतू धरायची गरजच नाही. ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९१४ मध्ये सरकारला अफाट अधिकार देणारा राज्यसंरक्षण कायदा आणला तो लिबरल, म्हणजे उदारमतवादी, पक्षाच्या सरकारनेच. याच पक्षाने १९०६ मध्ये सुमारे ४०० जागा जिंकल्या होत्या. १९२४ मध्ये त्याच्याकडे ४० उरल्या.

मग हा खटका कशाचा बनलेला असतो? थोडा नोकऱ्यांचा: नवं खातं उघडलं की ते टिकावं असं वाटणारी माणसं तयार होतात. थोडा हिशेबाचा: फायदा मोजक्यांना भरघोस मिळतो आणि खर्च सगळ्यांमध्ये चिमूट-चिमूट वाटला जातो, मग त्याविरुद्ध उठणार कोण? आणि बराचसा मनाचा. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कानेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग वाटले. ज्यांच्या हातात मग होता ते तो विकायला सुमारे ७ डॉलर मागत होते, ज्यांच्याकडे नव्हता ते जेमतेम ३ डॉलर द्यायला तयार होते. कॉफीचा मग तोच. काही मिनिटं हातात राहिल्याने त्याची किंमत दुपटीहून जास्त झाली. अधिकार, अनुदान, बंदी, सवलत यांचंही असंच असतं. देताना जी गोष्ट किरकोळ वाटते, तीच काढून घेताना मोठी होते.

धर्म या यंत्रात शिरतो तो इथे. अमेरिकी नाण्यावर 'आमचा देवावर विश्वास आहे' अशा अर्थाची ओळ पहिल्यांदा आली १८६४ मध्ये, दोन सेंटच्या नाण्यावर, यादवी युद्ध पेटलेलं असताना. राष्ट्रनिष्ठेच्या शपथेत देवाचा उल्लेख घातला गेला १९५४ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना. दोन वर्षांनी नाण्यावरची तीच ओळ राष्ट्राचं अधिकृत ब्रीदवाक्य झाली. दोन्ही युद्धं संपली, शब्द तसेच राहिले. ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये हिंदुस्थानच्या दंडविधानात धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं २९५-अ हे कलम घातलं. ब्रिटिश गेले, पण भारताने आणि पाकिस्ताननेही ते ठेवलं. पाकिस्तानने १९८६ मध्ये त्याच मालिकेत २९५-क जोडून शिक्षा मृत्युदंडापर्यंत नेली. डेन्मार्कने २०१७ मध्ये ईशनिंदेचा जुना कायदा रद्द केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. डिसेंबर २०२३ मध्ये, कुराण जाळण्याच्या घटनांनंतर देशाच्या सुरक्षेची काळजी दाखवत, तिथल्या संसदेने धर्मग्रंथांच्या विटंबनेला बंदी घालणारा नवा कायदा केला. संकट आलं आणि दाता पुन्हा अडकला.

जकातीचा नियम चूक आहे असं कुणी म्हणालं तर त्यावर वाद होतो. पवित्र ठरलेला नियम चूक आहे असं म्हटलं तर तो वादच गुन्हा ठरतो. खटका वितळवून दात्याला जोडून टाकावा, तसा हा प्रकार. पण यात श्रद्धाळू माणसाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. व्हर्जिनियात १७८६ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, त्यामागे तिथल्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा मोठा रेटा होता. सरकारमान्य चर्चचा जाच सोसलेली ती माणसं होती. धोका श्रद्धेचा नसतो, श्रद्धेच्या हातात दंडुका आला की असतो.

आता मला सगळ्यात आवडणाऱ्या भागाकडे येतो. इथे थोडं सावकाश वाचावं लागेल. १९१२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मारियान स्मोलुचोव्स्की यांनी आणि नंतर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रिचर्ड फाइनमन यांनी एका अतिसूक्ष्म रॅचेटचा विचार केला. एका पेटीत वायू आणि त्यात पाती लावलेला दांडा. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दातेरी चाक आणि स्प्रिंगचा खटका. वायूचे रेणू पात्यांवर दोन्ही बाजूंनी आदळतात, पण खटका एकाच बाजूला सरकू देतो. म्हणजे चाक फुकटात फिरत राहायला हवं. तसं होत नाही, कारण खटकासुद्धा रेणूंचाच बनलेला आहे. त्यालाही तापमान आहे, म्हणून तोही थरथरतो, मधूनच आपणहून उचलला जातो, आणि परत खाली येताना दात्याच्या उतारावर दाब देऊन चाक मागे ढकलतो. पाती आणि खटका यांचं तापमान सारखं असेल तर पुढे जाणं आणि मागे घसरणं यांची शक्यता तंतोतंत सारखी येते. खटका थंड असेल तरच चाक पुढे जातं. तो पात्यांपेक्षा गरम झाला तर चाक चक्क उलटं फिरतं.

समाज म्हणजे वायूची पेटी नव्हे, हे मला कळतं. तरी हे गणित पहिल्यांदा कळलं तेव्हापासून सत्तेकडे पाहण्याची माझी नजर बदलली. आपण सगळे चाकाकडे पाहतो: नेता कोण, पक्ष कोणता. खटका किती थंड आहे, हे पाहत नाही. न्यायालयात जाणारा एखादा माणूस, नकोसा प्रश्न विचारणारा वार्ताहर, मुदत संपली म्हणून कायदा पुन्हा मांडायला लावणारी तरतूद, हे खटक्याचं तापमान. आणि नुसती तरतूद पुरत नाही. इंग्लंडचा इन्कम टॅक्स कायद्याने आजही दरवर्षी ५ एप्रिलला संपतो आणि संसद त्याचं नूतनीकरण करते. खटका दरवर्षी उचलला जातो, पण त्या क्षणी चाक मागे ढकलणारं कुणी नसतं.

कधी असतं. ब्रिटनने १९३९ मध्ये युद्धासाठी ओळखपत्रं आणली. युद्ध १९४५ मध्ये संपलं, ओळखपत्रं चालूच. डिसेंबर १९५० मध्ये उत्तर लंडनमध्ये एका हवालदाराने क्लॅरेन्स विलकॉक यांची मोटार अडवून कार्ड मागितलं. विलकॉक यांनी नकार दिला. आपण लिबरल आहोत आणि असल्या गोष्टींना आपला विरोध आहे, असं त्यांनी सांगितल्याची नोंद आहे. खटला वरच्या न्यायालयात गेला आणि १९५१ मध्ये ते तो हरले. पण मुख्य न्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांनाही सुनावलं: युद्धासाठी केलेला कायदा असा वापरला तर कायदा पाळणारी माणसं कायदा मोडणारी होतात. फेब्रुवारी १९५२ मध्ये सरकारने ओळखपत्रं रद्द केली.

कार्डं गेली. कार्डांवरचे क्रमांक मात्र तोवर राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या नोंदवह्यांत उतरले होते. ते १९९० च्या दशकापर्यंत तिथेच होते.